तळ्याकाठच्या घराची सेप्टिक टाकी: बारा वर्षे न उपसलेल्या टाकीविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तळ्याकाठी घर घेतले असून तेथील सेप्टिक टाकी बारा वर्षांत एकदाही उपसलेली नाही. वास येत नाही, संडासाचे पाणी सुरळीत जाते. आधीचे मालक दर महिन्याला जिवाणूंची पूड टाकत आणि त्यामुळे उपसा लागतच नाही, असे सांगत. घरात एरवी दोघेच राहतात, परंतु सुट्ट्यांमध्ये दहा-बारा माणसे जमतात. पिण्याचे पाणी आवारातल्या विहिरीचे आहे. टाकीच्या पुढे, तळ्याच्या बाजूला, गवताचा एक पट्टा कोरड्या दिवसांतही हिरवागार राहतो. टाकी उपसावी, की चालले आहे तसे चालू द्यावे, असे आपण विचारले आहे.

टाकी उपसावी, आणि ते काम फार लांबवू नये. मात्र उपशाची गाडी बोलावण्याआधी टाकीचे झाकण उघडून तासाभराची नीट पाहणी करावी, कारण पाण्याने भरलेली टाकी जे सांगते ते रिकामी झाल्यावर सांगू शकत नाही. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ बारा वर्षांची नसून हिरव्या पट्ट्याची आहे, असे माझे मत आहे. त्याकडे मी पुढे येतो.

प्रथम टाकीचे काम काय, हे स्पष्ट असलेले बरे. घरातील सांडपाणी टाकीत आल्यावर त्याचा वेग जवळजवळ थांबतो. जड पदार्थ तळाशी बसून गाळ होतो, तेलकट आणि हलके पदार्थ वर येऊन त्यांची जाड साय धरते, आणि या दोहोंच्या मधले पाणी बाहेर जाणाऱ्या नळीतून पुढे जाते. हे सगळे घडण्यासाठी पाण्याला टाकीत निदान एक दिवस, शक्यतो दोन दिवस, विसावा मिळावा लागतो. प्राणवायूविना जगणारे जिवाणू गाळाचा काही भाग कुजवून त्याचे आकारमान कमी करतात, परंतु उरलेला भाग वर्षानुवर्षे साचतच राहतो. ‘सेप्टिक’ हा शब्दच कुजण्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून आला आहे. १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी अशा टाकीला हे नाव दिले, तेव्हा जिवाणू सगळा गाळ विरघळवून टाकतील अशी मोठी आशा होती. ती खरी ठरली नाही. जिवाणूंच्या पुड्या विकणारे मात्र अजून तीच आशा विकत आहेत.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते, हे बहुतेक घरमालकांच्या लक्षात येत नाही. त्यातील घन कण पुष्कळसे कमी झालेले असतात एवढेच. रोगजंतू, अमोनिया आणि फॉस्फरस जवळपास तसेच असतात. खरे शुद्धीकरण पुढच्या मातीत होते. झिरपचरांमधून, म्हणजे पाणी जमिनीत जिरवण्यासाठी खणलेल्या चरांमधून, किंवा शोषखड्ड्यातून पाणी मातीत उतरते, तेथे जिवाणूंचा एक काळपट, बुळबुळीत थर तयार होतो, आणि त्या थरातून पाणी सावकाश पाझरत खालच्या कोरड्या, हवेशीर मातीत जाते. त्या मातीत रोगजंतू गाळले जातात, कणांना चिकटून अडकतात आणि उपासमारीने मरतात. चराच्या तळापासून भूजलापर्यंत निदान ६० ते ९० सेंटिमीटर कोरडी माती असेल तर हे काम उत्तम होते. माती पाण्याने भरलेली असेल तर तिच्यातील हवा जाते आणि दूषित पाणी जवळजवळ तसेच भूजलात मिसळते. टाकीची सगळी देखभाल अखेर या मातीसाठी आहे: टाकीतील गाळ वाहून मातीत जाऊ नये, एवढ्यासाठी आपण टाकी उपसतो. टाकी नवी बांधता येते. गाळाने बुजलेली माती पूर्ववत होणे फार अवघड असते, आणि तळ्याकाठच्या लहान आवारात दुसरीकडे चर खणायला जागाही बहुधा उरलेली नसते.

आता पाहणीकडे येऊ. झाकण उघडल्यावर पहिली गोष्ट पाहायची ती पाण्याची पातळी. ‘टाकी भरली’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे सर्रास होतो, पण तो दिशाभूल करणारा आहे, कारण धडधाकट टाकी नेहमी भरलेलीच असते. तिच्यातील पाणी बाहेर जाणाऱ्या नळीच्या तळाशी बरोबर टेकलेले असते. पाणी त्या रेषेच्या वर असेल तर पुढे कोठेतरी अडथळा आहे: गाळणी चोंदली असेल, नळी खचली असेल किंवा माती पाणी घेईनाशी झाली असेल. पाणी त्या रेषेच्या खाली असेल, आणि घर वापरात असेल, तर टाकी गळते आहे. ‘आमची टाकी कधी भरतच नाही’ असे अभिमानाने सांगणारे बरेच जण भेटतात, आणि अशा वेळी मला प्रथम तळाला गेलेल्या तड्याची शंका येते. गळकी टाकी घरमालकाला कसलाही त्रास देत नाही. ती शेजारच्या विहिरीला त्रास देते. तळ्याकाठी याच्या उलटही घडते. पावसाळ्यात भूजल चढले की ते भिंतीतील फटींमधून टाकीत शिरते आणि घरातून थेंबही न येता नळीतून पाणी वाहत राहते. म्हणून शक्य असल्यास पातळी वर्षातून दोनदा, कोरड्या दिवसांत आणि पाऊस संपल्यावर, पाहावी.

दुसरी पाहणी गाळाच्या जाडीची. लांब काठीच्या खालच्या मीटरभर भागाला जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळावा, काठी सावकाश तळापर्यंत नेऊन काही मिनिटे तशीच ठेवावी आणि सरळ वर काढावी. गाळ जेथपर्यंत असतो तेथपर्यंत काळ्या कणांची खूण टॉवेलवर स्पष्ट दिसते. सायीसाठी काठीच्या टोकाला आडवी लहान फळी ठोकावी. ती सायीतून खाली नेऊन हलके वर ओढली की सायीचा तळ हाताला लागतो. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास पोचली की उपसा करावा. तसेच बाहेर जाणाऱ्या नळीला टाकीच्या आत जो टी-आकाराचा तुकडा असतो, त्याच्या खालच्या तोंडापासून गाळ ३० सेंटिमीटरच्या आत, किंवा सायीचा तळ १५ सेंटिमीटरच्या आत आला असेल, तर उपसा लांबवू नये. सर्वसाधारण कुटुंबासाठी तीन ते पाच वर्षांनी उपसा असे जे सांगितले जाते ते योग्य आहे, परंतु मोजमाप करणाऱ्याला ठरावीक वर्षे पाळण्याची गरज उरत नाही. आपल्याकडे एरवी दोघेच राहतात, त्यामुळे बारा वर्षांनीही गाळ अपेक्षेपेक्षा कमी निघाला तर मला नवल वाटणार नाही. तसे झाल्यास आनंदाआधी गळतीची शंका घ्यावी, एवढेच सांगतो.

तिसरी गोष्ट तो टी-आकाराचा तुकडा जागेवर आहे की नाही. टाकीतील गंधकयुक्त वायूपासून पाण्याच्या पातळीच्या वर आम्ल तयार होते आणि ते काँक्रीट खाते. जुन्या टाक्यांमध्ये टीऐवजी असलेला काँक्रीटचा आडोसा झिजून गळून पडलेला मी अनेकदा पाहिला आहे. तो पडला की साय थेट मातीच्या वाटेला लागते, आणि घरात मात्र काही वर्षे काहीच जाणवत नाही. प्लॅस्टिकचा नवा टी बसवणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्याच वेळी बाहेर जाणाऱ्या तोंडावर गाळणी बसवून घ्यावी. मात्र ती वर्षातून एकदा काढून, टाकीच्या तोंडावरच धुवावी लागते, जेणेकरून निघालेली घाण परत टाकीतच पडेल. ही गाळणी चोंदली तर घरातील पाणी तुंबते, म्हणून काही जण वैतागून ती काढून टाकतात. ती चोंदली याचा अर्थ तिने आपले काम केले असा आहे.

येथे सुरक्षिततेविषयी थांबून सांगणे भाग आहे. टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू असतात, प्राणवायू जवळपास नसतो. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांसारखा वास थोड्या प्रमाणात येतो, पण प्रमाण वाढले की तो नाकाची जाणीवच मारून टाकतो. वास थांबला म्हणून वायू गेला असे समजणारा माणूस काही श्वासांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तेथेच राहतो. टाकीत कोणीही, कोणत्याही कारणाने, ती रिकामी दिसत असली तरीही उतरू नये. तोंडावर ओणवे होऊन आत डोके घालू नये. काडी किंवा लायटर पेटवू नये. आणि पाहणी करताना दुसरे माणूस सोबत असावे. जुने झाकण पायाखाली ठिसूळ वाटले तर पाहणीही त्या दिवशी करू नये, आधी झाकण बदलावे. झाकण उघडे ठेवून पाच मिनिटेही तेथून दूर जाऊ नये, विशेषतः घरात मुले असतील तर.

उपसा कसा करवून घ्यावा याविषयी दोनच गोष्टी. एक, तो टाकीच्या मुख्य तोंडातून करावा. तपासणीच्या बारीक नळीतून केला तर फक्त पाणी निघते आणि गाळ तेथेच राहतो. काम करणाऱ्याने मधूनमधून गाळ ढवळून तोही खेचून घेतला पाहिजे. ‘बियाणे’ म्हणून थोडा गाळ मागे ठेवावा असे सांगतात, त्याची आवश्यकता नाही. पहिल्याच दिवसाच्या मैल्याबरोबर लागतील तेवढे जिवाणू येतात. याच कारणाने महिन्याची पूडही बंद करावी. काही द्रव तर त्याहून वाईट असतात, कारण ते साय आणि गाळ पातळ करून मातीकडे ढकलतात, आणि द्रावके असलेली द्रव्ये भूजलात उतरतात. दुसरी गोष्ट तळ्याकाठच्या घरांसाठी फार महत्त्वाची आहे. भूजल चढलेले असताना टाकी पूर्ण रिकामी करू नये. रिकामी टाकी पाण्यात होडीसारखी वर उचलली जाते, विशेषतः प्लॅस्टिकची किंवा फायबरची, आणि नळ्या मोडतात. म्हणून उपसा कोरड्या दिवसांत करावा आणि लगेच टाकी साध्या पाण्याने भरून घ्यावी. निघालेला मैलागाळ गाडी कोठे नेते, हेही विचारावे. तो प्रक्रिया केंद्राऐवजी ओढ्यात रिकामा होणार असेल, तर तो आपल्याच तळ्यात परत येण्याची शक्यता आहे.

उपसा चालू असताना बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाकडे लक्ष ठेवावे. टाकीतील पातळी खाली गेल्यावर त्या नळीतून पाणी उलटे टाकीत येऊ लागले, आणि बराच वेळ येत राहिले, तर चर तुडुंब भरलेले आहेत आणि माती पाणी घेत नाही असा त्याचा अर्थ आहे. ही परीक्षा फुकट होते, आणि तरीही उपसा करवणारे बहुतेक जण तेव्हा घरात बसलेले असतात.

आता हिरव्या पट्ट्याविषयी. चरांवरचे गवत थोडे अधिक हिरवे असणे स्वाभाविक आहे. परंतु पट्टा चरांच्या हद्दीबाहेर तळ्याकडे सरकलेला असेल, जमीन पायाला दबत असेल, किंवा काठावरच्या दगडांवर इतर ठिकाणांपेक्षा जास्त शेवाळ धरत असेल, तर पाणी मातीत न जिरता वरवरच्या थरातून तळ्याकडे वाहत आहे असे समजावे. काही जण संडासात रंग ओतून तो तळ्यात दिसतो का ते पाहतात. रंग दिसला तर दोष सिद्ध होतो. दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण रंग मातीत अडकतो किंवा इतका विरळ होतो की डोळ्यांना कळत नाही. पट्ट्याच्या जागी मीटरभर खोल, भोके असलेली नळी उभी पुरून तिच्यात पाणी किती वर येते हे काही आठवडे पाहणे आणि त्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे अधिक खात्रीचे आहे.

तळ्याच्या दृष्टीने त्या पाण्यातील फॉस्फरस हा खरा शत्रू आहे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात, प्रयोगासाठी राखून ठेवलेल्या तळ्यांपैकी २२६ क्रमांकाच्या तळ्यात, १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधोमध पडदा लावून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्या भागात त्यांच्यासोबत फॉस्फरसही घातला. फॉस्फरसचा भाग शेवाळाने हिरवा झाला, दुसरा स्वच्छ राहिला. टाकीतून निघणाऱ्या पाण्यात दर लिटरमागे साधारण ५ ते १५ मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, तर तळ्यात लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस झाला की शेवाळ माजू लागते. हिशेब मांडला तर टाकीतले एक लिटर पाणी तळ्यातील शेकडो लिटर पाणी बिघडवू शकते. लोह, ॲल्युमिनियम आणि चुना असलेली माती फॉस्फरस धरून ठेवते, म्हणून पाणी कोरड्या मातीतून जेवढे जास्त अंतर चालेल तेवढे चांगले. पण मातीची ही क्षमता मर्यादित असते, आणि भरड वाळूत ती फारच थोडी असते. घराच्या बाजूने करण्यासारखे म्हणजे फॉस्फेटविरहित साबण-पावडर वापरणे, चरांवरच्या गवताला खत न घालणे, आणि काठावर गवत-झुडपांचा न कापलेला पट्टा राखणे.

विहिरीसाठी चिंता वेगळी आहे. टाकीतील अमोनियाचे हवेशीर मातीत नायट्रेट होते, आणि नायट्रेटला माती धरत नाही. ते पाण्याबरोबर चालत जाते. व्यवस्था उत्तम चालली असली तरी हे घडतेच. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि तान्ह्या मुलांना बाटलीने दूध पाजणाऱ्या घरात ती काटेकोरपणे पाळावी. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट त्याची तीव्रता वाढते. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट आणि ई. कोलाय (मैल्यातून येणारे जिवाणू) यांची तपासणी वर्षातून एकदा करावी. चर आणि विहीर यांत ३० मीटर अंतर असावे असा सर्वसाधारण दंडक आहे, परंतु विहीर उताराच्या खालच्या बाजूला असेल तर नुसत्या अंतरावर विसंबू नये.

पाहुण्यांचा प्रश्न हिशेबाने सुटतो. समजा आपली टाकी ३,००० लिटरची आहे आणि गाळ-सायीने तिचा तिसरा हिस्सा व्यापला आहे, म्हणजे मोकळी जागा २,००० लिटर. माणशी रोज १५० लिटर पाणी धरले तर दोघांचे ३०० लिटर होते आणि ते टाकीत आठवडाभर निवांत राहते. बारा माणसांचे १,८०० लिटर होते आणि ते जेमतेम एक दिवस थांबते. त्यातही सकाळच्या दोन तासांत निम्मे पाणी आले तर तळचा गाळ उचलला जाऊन पुढे जातो. म्हणजे वर्षभर आदर्श चालणारी टाकी चार दिवसांत मातीचे नुकसान करू शकते. पाहुणे येण्याआधी कपडे धुऊन घ्यावेत आणि ते असताना धुलाईयंत्र शक्यतो बंद ठेवावे. अंघोळी दिवसभरात विखुराव्यात. हे दरवर्षी घडणार असेल तर टाकीपुढे पाणी साठवून ते वेळापत्रकानुसार थोडे-थोडे चरांत सोडणारा पंप बसवण्याचा विचार करावा. तळ्याकाठच्या उथळ मातीसाठी मला हा खर्च सर्वांत सार्थ वाटतो.

आणि फ्लशची टाकी तपासावी. एका घरी दरवर्षी उपसा होऊनही चर तुंबत असत. तीन वेळा खोदकाम झाल्यावर मी मुक्काम केला, तेव्हा रात्री सगळे झोपल्यावरही सेप्टिक टाकीत पाण्याची धार पडताना दिसली. संडासातील फ्लशची रबरी झडप गळत होती. मिनिटाला एक लिटर गळती म्हणजे दिवसाला १,४४० लिटर, पाचसहा पाहुण्यांच्या वापराहूनही जास्त. तेव्हापासून मी कोणत्याही घरी आधी फ्लशच्या टाकीत रंगीत पाणी घालून रंग संडासाच्या भांड्यात उतरतो का, याची अर्धा तास वाट पाहतो आणि मग फावड्याला हात लावतो.

छपराचे पाणी टाकीत किंवा चरांवर येऊ देऊ नये, चरांवर गाडी उभी करू नये, आणि पाण्याच्या शोधात लांब मुळे धाडणारी झाडे तेथे लावू नयेत. ओले पुसणे (वेट वाइप्स), सॅनिटरी पॅड, तळणीचे तेल, रंग आणि उरलेली औषधे संडासात टाकू नयेत. ‘फ्लश करता येते’ असे वेष्टनावर छापलेले पुसणे टाकीत वर्षांनंतरही अखंड सापडते. साधी साफसफाईची द्रव्ये माफक वापरली तर टाकी ती सहज सोसते.

आपल्या बाबतीत क्रम असा ठेवावा: या आठवड्यात फ्लशची झडप आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी, कोरड्या दिवसांत पातळी व गाळाचे मोजमाप आणि मग उपसा, उपशाच्या वेळी उलट येणाऱ्या पाण्यावर लक्ष, टीची दुरुस्ती आणि गाळणी, त्यानंतर पट्ट्यातील नळीची नोंद. नळीतील पाणी उपशानंतर आणि पाहुण्यांविना महिनाभरातही उतरले नाही, तर चरांना विश्रांती द्यावी लागेल. चरांचे दोन भाग असतील तर एक भाग काही महिने बंद ठेवल्यावर तो बुळबुळीत थर सुकून कुजतो आणि माती पुन्हा पाणी घेऊ लागते. एकच भाग असेल तर जमिनीच्या वर भर घालून केलेल्या उंच चरांसाठी माती तपासणाऱ्या जाणकाराला बोलावावे. झाकण पुन्हा मातीखाली पुरण्याऐवजी तोंडाला कडे (रिंग) बसवून ते जमिनीच्या पातळीला, कुलुपासह आणावे, आणि घराच्या दोन कोपऱ्यांपासून त्याचे अंतर मोजून कागदावर लिहावे. त्याच कागदावर गाळाची पहिली उंची आणि तारीख टाकून तो मोटारीच्या स्विचपेटीत चिकटवून ठेवावा.